बावखल नावाचा हीलर

सांडोर, वसई
११ जानेवारी २००८

फर्डिनंड,

वर 'प्रिय' नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. राग उतरला तर पुढच्या पत्रात येईल.

तुमच्या कंपनीने कॉम्प्युटरवरच्या त्या खेळाच्या फोरमवर जे जाहीर केलंय ते मी वाचलं. मार्चपासून हीलरची 'ग्रेस' बदलणार. खाली 'बॅलन्स टीम'मधल्या, म्हणजे हे नियम ठरवणाऱ्या तिघांची नावं, त्यांत मधलं तुझं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तरी तुझंच.

मला समजलं ते असं. आजवर हीलर नुसता उभा राहिला तरी आसपासच्या सगळ्या सोबत्यांच्या जखमा आपोआप भरत. त्याने मंत्र टाकायला नको, कळ दाबायला नको. त्याने तिथे असायचं, बस्स. आता जवळ जितकी माणसं जास्त, तितकी ती ग्रेस वाटली जाणार. चौघं असतील तर प्रत्येकाला पाव वाटा. शिवाय हीलरने थोड्या थोड्या वेळाने दोन कळा एकदम दाबल्या नाहीत तर तीही बंद. कारण काय, तर 'खेळाडूंचा सहभाग वाढावा'. हे वाक्य तू लिहिलं असशील तर तुझ्या शिक्षकांशी मला दोन शब्द बोलायचे आहेत.

ग्रेस म्हणजे देवाची कृपा, हे मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी हातात छडी घेऊन शिकवलंय. ती कष्टाने मिळत नाही, लायकी बघून मिळत नाही आणि वाटल्याने कमी होत नाही. तुम्हाला हे जमत नसेल तर तिचं नाव बदला. 'रेशन' ठेवा.

टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली बाई तिथे काय करते, असं तू विचारशील. बघायला गेले होते. मुलगा रात्रंदिवस कॅनडात बसून काय बनवतो ते आईने बघू नये? गेले आणि राहिले. मी कुऱ्हाडवाली आहे. हसू नकोस. आयुष्यभर 'होल्ड ऑन प्लीज' म्हटल्यावर माणसाला कुऱ्हाड लागते.

आम्ही चौघं असतो. एक मी. दुसरी कुवेतची लिडिया, तुझी मावसबहीण. ती तिरंदाज आहे. दिवसभर हॉस्पिटलात खऱ्या माणसांना बरं करते म्हणून इथे तिला फक्त मारायचं असतं. तिसरा जितेंद्र, विरारला फ्लॅटमध्ये राहतो, बँकेत आहे. त्याला आम्ही खेळातच भेटलो. आपल्यापासून इतक्या जवळ राहतो हे महिन्याने कळलं. चौथा आमचा हीलर. तो कोण ते मी सांगणार नाही. सांगायचं नाही अशी ताकीद आहे.

एवढंच सांगते की दोन कळा एकदम दाबणं त्याला जमणार नाही. तुम्ही हा बदल केलात तर त्याला त्या खेळात काही काम उरणार नाही. आणि त्याला दुसरीकडे कुठेच काही काम उरलेलं नाही.

फोन हॉलमध्ये, कॉम्प्युटर हॉलमध्ये, तुझे डॅडी हॉलमध्ये. म्हणून हे कागदावर. उत्तर इनेझ आत्याच्या पत्त्यावर पाठव. ती पाकीट उन्हात धरून बघेल, पण फोडणार नाही.

तुझी,
(रागावलेली) मम्मी


सांडोर
३ फेब्रुवारी २००८

प्रिय फर्डी,

आलं बघ.

तुझं पत्र इनेझने काल मासळीच्या पिशवीत घालून आणलं, त्यामुळे त्याला बोंबलांचा वास आहे. चार पानं आकडे, आणि शेवटी एक ओळ: 'मम्मी, तो हीलर डॅडी आहेत का?'

हो.

त्यांनी ताकीद दिली होती ती मी मोडली. मोडायलाच हवी होती.

ऑगस्टमध्ये मी खेळत असताना ते मागच्या खुर्चीत येऊन बसायला लागले. मला वाटलं पंख्याखाली बसतात. मग एक दिवस माझ्या कुऱ्हाडवालीला रानडुकरांनी घेरलं आणि मागून आवाज आला, "डा... वी." डावीकडे वळ म्हणून. पॅरालिसिसचा अटॅक आल्यापासून त्यांनी स्वतःहून उच्चारलेला तो पहिला शब्द होता. मी वळले आणि वाचले. दुसऱ्या दिवशी तुझा जुना कॉम्प्युटर शेजारी मांडून त्यांना वेगळं खातं काढून दिलं. उजवा हात तसाच मांडीवर, डाव्या हातात माउस. हीलर निवडला, कारण त्याला नुसतं उभं राहावं लागतं. नाव काय ठेवायचं विचारलं तर त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. वाडीमागचं तळं, आपलं बावखल. म्हणून त्यांचं नाव बावखल. तुमच्याकडच्या गोऱ्यांना ते म्हणता येत नाही. लिहितात तेही चुकीचं.

पण नाव बरोबर आहे. आपलं बावखल काय करतं? कुठे जात नाही, येत नाही. पण ते आहे म्हणून आजूबाजूच्या सगळ्या विहिरींना गोडं पाणी आहे. डॅडी तसे खेळात नदीच्या उतारापाशी उभे राहतात. नवी पोरं तिथेच पहिल्यांदा मरतात ना? ती धडपडत येतात, यांच्याजवळ उभी राहतात, बरी होतात आणि पुढे जातात. काही 'थँक्यू' लिहितात. ते मी वाचून दाखवते. तोंडाने काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी जेवण नीट जातं.

आता ते जून महिन्याचं. तू दहा दिवसांसाठी आलास, पलंगाजवळ बसलास, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तू लिहितोस, 'अजून राग गेला नाही त्यांचा.' तू कॅनडाला निघालास तेव्हा "खेळणी करायला इंजिनियर झालास काय" असं ते म्हणाले होते खरे, पण तो राग केव्हाच गेला. फर्डी, त्यांना लाज वाटते. क्रुसाजवळच्या प्रार्थनेत ज्यांच्या आवाजाला माईक लागत नसे, ग्रामसभेत ज्यांना खाली बसवायला तिघं लागत, त्या माणसाची जीभ आता अडखळते आणि तोंडाच्या कडेने लाळ येते. ते तुला ऐकवायचं नव्हतं. बाकी कोणालाही चालेल, तू नाही.

म्हणून तू रविवारी फोन करतोस तेव्हा ते उठून वाडीत जातात. मी तुला 'झोपलेत' सांगते. ते केळीत उभे असतात. फोन ठेवला की येतात आणि माझ्याकडे बघतात. मी आपणहून सांगते: बर्फ पडलंय, सर्दी झालीय, नवीन बूट घेतलेत. मान हलवतात.

हा तुझा खेळ आहे हे त्यांना माहीत नाही असं मी धरून चालते, आणि मी तसं धरून चालते हे त्यांना माहीत नाही असं ते धरून चालतात. सुखाचा संसार म्हणतात तो हाच.

तेव्हा बाळा, ग्रेसला हात लावू नकोस.

तुझी मम्मी


सांडोर
२४ फेब्रुवारी २००८

प्रिय फर्डी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा वेगवेगळ्या जागी राग आला.

तू लिहितोस की या ग्रेसमुळे माणसं हीलरभोवती घोळका करून उभी राहतात आणि लढतच नाहीत. कोणाला काही होत नाही म्हणून कोणी काही शिकत नाही. जे हीलर मेहनत करून एकेकाला बरं करतात त्यांना कोणी विचारत नाही, ते खेळ सोडून चाललेत. आणि सगळ्यांत वाईट उदाहरण म्हणून तुमच्या मीटिंगमध्ये ज्या हीलरच्या हालचालींचा नकाशा भिंतीवर लावला, तो बावखल. तुझ्या बॉसला वाटलं हे यंत्र आहे, कारण माणूस दिवसभर एका जागी उभा राहणार नाही. त्याला म्हणावं, सांडोरला ये, दाखवते.

तिथे तू गप्प बसलास, 'माझे वडील आहेत' म्हणाला नाहीस, असंही लिहिलंस. बरं केलंस. ते मीटिंगमध्ये सांगायचं नसतं. पण मग तू लिहितोस, 'मम्मी, वडील आहेत म्हणून मी नियम बदलला तर मी कसला बॅलन्स करणारा?' हे वाक्य मला आवडलं नाही, कारण ते अगदी तुझ्या डॅडींचं आहे. ग्रामसभेतलं.

तू चुकतोयस हे सिद्ध करायला मी गेल्या रविवारी मुद्दाम लक्ष ठेवून खेळले. आम्ही दलदलीत होतो. समोर तो मोठा मगरीसारखा प्राणी. जितेंद्रने लिहिलं, "काकी, मी जेवून येतो. अंकल आहेत ना." त्याचा माणूस मगरीच्या तोंडात ठेवून तो जेवायला गेला. लिडिया म्हणाली, "मावशी, मीही मशीन लावून येते, कपडे साठलेत. अंकल आहेत ना." मी कुऱ्हाड चालवत राहिले, पण खरं सांगू, मीही मधूनच कुकरची शिट्टी मोजत होते. कोणी मेलं नाही. मगर कंटाळली असेल.

खेळ बंद केला आणि जेवायला बसलो. इनेझ होती. डॅडींनी मिठाच्या बरणीकडे नुसतं पाहिलं.

"लुईसला मीठ हवंय," इनेझ म्हणाली.

मी मीठ दिलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"उजेड डोळ्यांवर येतोय त्याच्या," इनेझ म्हणाली. मी पडदा ओढला.

त्यांनी तोंड उघडलं, "प..."

"पाणी," मी म्हणाले.

"पापड," इनेझ म्हणाली.

दोन्ही दिलं. त्यांनी तोंड मिटलं. काय हवं होतं कोण जाणे. डॉक्टरांनी बोलायचे व्यायाम दिलेत, मोठ्याने वाचायचे कागद दिलेत. ते कपाटावर आहेत. लागतात कुठे? आम्ही आहोत ना.

हे मी का लिहिलं मला माहीत नाही. यातून तू काही अर्थ काढू नकोस. तुझं म्हणणं मला मान्य नाही आणि मी ते मान्य करणार नाही.

फक्त एक कर. वाटणी करायची तर कर. पण दोन कळांच्या जागी एक ठेव. एका हाताची माणसं जगात आणखी असतील, आणि त्यांच्या सगळ्यांच्याच आया पत्रं लिहिणार नाहीत. हे वडिलांसाठी नाही, नियम म्हणून मागते आहे. मीटिंगमध्ये सांगता येईल असं आहे.

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. चॉकलेट सोडलंस की नुसतंच म्हणतोस?

तुझी मम्मी


सांडोर
१० मार्च २००८

प्रिय फर्डी,

काल फोनवर तू जे ऐकलंस ते तुला ठाऊक आहे. जे दिसलं नाही ते सांगते.

तुमचा बदल शुक्रवारी आला. मी डॅडींना काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं नेहमीसारखे दलदलीत उतरलो. जितेंद्र म्हणाला, "काकी, चहा घेऊन येतो," आणि गेला. मगर आली. आधी जितेंद्र मेला, उभ्याउभ्या, चहाविना. मग लिडिया. मग मी, आणि मी चांगली लढले, हे तुझ्या आकड्यांत नोंदवून घे. शेवटी बावखल एकटे उरले. ते तसेच उभे राहिले आणि मेले.

डॅडींनी माउस बाजूला ठेवला. पडद्यावर तुमची सूचना आली होती: ग्रेस कायम ठेवायची तर या दोन कळा एकदम दाबा. त्यांनी ती वाचली. उजव्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं आता संपलं. हा माणूस आता या खुर्चीतही बसणार नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहील, आणि मी काहीही केलं तरी उठणार नाही.

मग त्यांचा चेहरा लाल झाला. तो लाल रंग मी जवळजवळ वर्षभरानंतर पाहिला. ग्रामसभेतला.

"फोन... लाव," ते म्हणाले.

"कोणाला?"

"त्या... गाढ... वाला."

मी विचारलं नाही कोणत्या. नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या डाव्या कानाला लावला. तू "हॅलो मम्मी" म्हणालास, आणि पुढे किती वेळ कोणी काही बोललं नाही. तिकडे तुला वाटलं असेल लाईन गेली. तुला 'हॅलो, हॅलो' करताना मी ऐकत होते. इकडे ते एक शब्द बाहेर काढत होते. मान पुढे, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. शेवटी आला.

"एक."

मग, "बोट."

मग, "पु... रे."

इनेझ नेमकी तेव्हा कालवणाचं पातेलं घेऊन दारात. तिला सवय. "एका बोटाने झालं पाहिजे म्हणतोय तो!" ती फोनकडे ओरडली.

त्यांनी रिसीव्हर खांद्याला धरला, डावा हात वर केला आणि बहिणीला म्हणाले, "गप."

सख्ख्या भावाचा इतका स्वच्छ शब्द ऐकून ती पातेल्यासकट खाली बसली. मलाही काही बोलायचं होतं. मी पदर तोंडात धरला.

पुढचं तुला माहीत आहे. तू म्हणालास, "एका कळेचं मी मांडलंय डॅडी, पुढच्या महिन्यात होईल, पण वाटणी राहणार." ते म्हणाले, वाटणी चूक. तू म्हणालास, तुमच्या भरवशावर लोक जेवायला जातात. ते म्हणाले, जाऊ दे... जे... वायला, तुझ्या बापाचं काय जातं. हे म्हटल्यावर दोघंही थांबलात, आणि मग तू हसलास. तू हसलेलं रिसीव्हरबाहेर ऐकू आलं. तुला हे दिसलं नाही, की तेही हसत होते. एकाच बाजूने हसता येतं त्यांना, पण पुरेसं दिसतं.

किती वेळ भांडलात मी पाहिलं नाही. कालवण गार झालं. त्यांची लाळ शर्टवर आली आणि त्यांनी ती पुसली नाही, आणि मीही पुसली नाही. मला जमलं. मी त्यांच्या खुर्चीमागे दोन्ही हात पाठीशी बांधून उभी होते, शाळेत प्रार्थनेला उभं करायचे तशी.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तो तुझा खेळ आहे हे तुम्हाला..." म्हणजे त्याचा, असं म्हणायचं होतं. माझीच जीभ अडखळत होती.

"पहिल्या... दिव... सापासून," ते म्हणाले. "चांग... ला आहे." थोड्या वेळाने, "वाटणी... चूक."

माझी दोघांपैकी एकानेही चौकशी केली नाही, हे नोंदवून ठेवते.

तुझी मम्मी


सांडोर
३० मार्च २००८

माझ्या लाडक्या फर्डी,

ईस्टरचं तुझं कार्ड पोचलं. सोबतची चिठ्ठी वाचून मी ताबडतोब कागद घेऊन बसले आहे, कारण तू एक भयंकर चूक करायला निघाला आहेस.

तू लिहितोस की डॅडींचं बोलणं ऐकून तुला झोप लागली नाही, आणि छोट्या गटांसाठी तरी जुनी ग्रेस परत आणावी असं तू टीमला पटवतो आहेस. खबरदार.

मीच सांगितलं होतं ना? हो, मीच. ते विसर. एक कळ देतोस ते फार छान, ती ठेव. बाकी तसूभरही मागे हटू नकोस.

तुझा बाप काय करतो आहे ते ऐक. कपाटावरचे व्यायामाचे कागद त्यांनी स्वतः खाली काढले. ते वाचत नाहीत. त्यांच्या मागच्या बाजूला डाव्या हाताने वाकड्या अक्षरात मुद्दे काढतात. तुला हरवायचे मुद्दे. सकाळी वाडीत जाऊन केळींना ते भाषण ऐकवतात. इनेझ कुंपणापलीकडून ऐकते. काल मला म्हणाली, "रेजिना, 'वाटणी' आता एका दमात म्हणतो गं." लिडिया आणि जितेंद्र यांना त्यांनी दलदलीत उभं करून सुनावलं, मी टाइप केलं: 'जेवून यायचं, मग खेळायचं.' जितेंद्र आता जेवून येतो. परवा आम्ही मगर मारली. कुऱ्हाडीने.

एका रविवारी तू हो म्हणालास की त्यांना पुढच्या रविवारी बोलायला काय उरेल? बर्फ आणि बूट. त्यावर तुझे डॅडी एक वाक्यही खर्च करणार नाहीत, मी ओळखते त्यांना. पण अन्याय झालाय म्हटल्यावर ते बोलतात. तसा तू त्यांच्यावर नीट, मनापासून अन्याय करत राहा.

आता रविवारी संध्याकाळचा फोन तेच लावणार आहेत. नंबरही स्वतः फिरवणार म्हणतात. चुकले तर चुकू दे, कॅनडात आणखी दोन-चार घरं जागी होतील. उचललास की वाट बघ. शब्द अडला तर मध्ये पडू नकोस, तो कुठला आहे हे कळलं असलं तरी नाही. त्यांना वेळ लागतो.

यावेळचा मुद्दा चांगला आहे. मी ऐकला आहे. तुला पटेलही.

पटला तरी सांगू नकोस.

तुझी मम्मी